रिकामी पेटी काय सांगते?

काही वर्षांपूर्वी विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने एका शाळेत आमचे जाणे झाले. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर भिंतीवर एक लाकडी पेटी टांगलेली होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात ‘सूचना व तक्रार’ असे लिहिलेले, खाली छोटेसे कुलूप. आम्ही सहज चौकशी केली, तेव्हा मुख्याध्यापक समाधानाने म्हणाले, "वर्षातून एकदा उघडतो. यंदा दोन चॉकलेटचे कागद निघाले आणि पंख्याबद्दलची एक चिठ्ठी. आमच्याकडे तशा तक्रारीच नसतात."

त्याच दुपारी प्रयोगशाळेत बर्नर पेटवायची वेळ आली, तर तिथले परिचर काका आधी भराभर सगळ्या खिडक्या उघडू लागले. कारण विचारले. गॅसच्या नळीच्या जोडापाशी दीड-दोन महिन्यांपासून वास येत होता. खिडक्या उघडल्या की काम भागते, असे ते म्हणाले. "मोठ्या सरांना सांगितलंत का?" या प्रश्नावर ते नुसते हसले. पूर्वी एकदा कपाटाच्या मोडक्या कडीबद्दल त्यांनी सांगितले होते, तेव्हा ‘तुम्ही तुमचं काम बघा’ असे उत्तर मिळाले होते. त्यानंतर त्यांनी काही सांगितले नाही. नळी त्याच संध्याकाळी बदलली गेली आणि सुदैवाने तोवर काही घडले नव्हते.

पेटी रिकामी होती हे खरेच होते. प्रश्न आहे तो त्या रिकामेपणाचा अर्थ काय लावायचा हा. विद्युतमंडलातील ॲमीटरचा काटा शून्यावर असेल, तर तारेतून विद्युतधारा वाहत नसेल. किंवा ॲमीटरच नीट जोडलेला नसेल. काट्याकडे कितीही वेळ टक लावून पाहिले तरी यांपैकी कोणती गोष्ट खरी ते कळणार नाही. आठवीतल्या मुलांना आपण हे शिकवतो. शाळा, कारखाना, दवाखाना, कचेरी चालवणारी मोठी माणसे मात्र तक्रारींच्या शून्याकडे पाहून खुशाल निर्धास्त होतात.

मनुष्यबळ व्यवस्थापन या विषयात ‘कर्मचाऱ्याचा आवाज’ नावाची अभ्यासाची एक शाखाच आहे. कामावरचा माणूस आपल्याला दिसलेली चूक, सुचलेली सुधारणा किंवा आपल्यावर झालेला अन्याय वरच्यापर्यंत पोचवतो का, कधी पोचवतो आणि कधी गिळून टाकतो, हे ही मंडळी तपासतात. विषय ऐकायला रुक्ष वाटतो. पण त्याच्या मुळाशी विज्ञानाच्या शिक्षकाला आवडेल असे एक कोडे आहे: जे बोललेच गेले नाही, ते मोजायचे कसे?

या कोड्याचा एक उलगडा जवळजवळ अपघातानेच झाला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत काही इस्पितळांमध्ये औषधे देताना होणाऱ्या चुकांचा मोठा अभ्यास चालू होता. चुकीचे औषध, चुकीचे प्रमाण, चुकीची वेळ, अशा चुकांची नोंद प्रशिक्षित तपासनीस करत होते. ते विभागांमध्ये जात, रुग्णांचे कागद तपासत आणि परिचारिकांशी व डॉक्टरांशी बोलत. हार्वर्ड विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या एमी एडमंडसन या अभ्यासात सामील झाल्या. त्यांच्याकडचा प्रश्न सरळ होता. ज्या विभागात माणसे एकमेकांशी सहकार्याने वागतात, ज्यांची प्रमुख चांगली आहे, तिथे चुका कमी होतात का? विभागातील वातावरण कसे आहे, हे जाणून घेण्यासाठी त्यांनी एक प्रश्नावली भरून घेतली. चुकांचे आकडे तपासनीसांकडून येणार होते. दोन्ही जुळवून पाहिले की काम झाले.

दोन इस्पितळांतील आठ विभागांचे आकडे हाती आले. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त चुकांच्या विभागांत सुमारे दहापट फरक होता. मात्र संबंध अपेक्षेच्या नेमका उलटा निघाला. जिथे वातावरण चांगले, प्रमुख चांगली, तिथे चुका जास्त!

आपल्यापैकी कोणी असते तर आधी गणित पुन्हा तपासले असते. तेही झाले, गणित बरोबर होते. चांगले सहकारी मिळाले की माणूस बेफिकीर होतो, असा निष्कर्ष काढून कोणी मोकळा झाला असता. एडमंडसन यांनी दुसरी शंका घेतली. या चुका झालेल्या आहेत, की फक्त सापडलेल्या? तपासनीस कितीही काटेकोर असला, तरी बऱ्याच चुका त्याला तिथल्या माणसांनी सांगितल्याशिवाय कळत नाहीत. मग आपण चुका मोजत होतो, की चूक सांगण्याची तयारी?

मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा ‘अ’ विभागात महिन्यात ५० चुका झाल्या आणि तिथल्या माणसांनी त्यांतल्या ४० सांगितल्या. ‘ब’ विभागात १०० चुका झाल्या, पण त्यांतल्या २० च बाहेर आल्या. वहीत अ पुढे ४० आणि ब पुढे २० असे लिहिले जाईल. वही पाहणारा म्हणेल, ब विभाग अ पेक्षा दुपटीने चांगला. प्रत्यक्षात तो दुपटीने वाईट आहे. शिवाय अ विभागाला आपल्या ४० चुकांमधून काही शिकता येईल, पुढच्या महिन्यात त्या ३० वर आणता येतील. ब विभागात दर महिन्याला ८० चुका कोणालाही न कळता पुन्हा पुन्हा होत राहतील, आणि वर त्या विभागाला वर्षअखेरीस शाबासकीही मिळेल.

शंका घेणे सोपे, ती तपासायची कशी? त्यासाठी एडमंडसन यांनी एका सहायकाला विभागांमध्ये निरीक्षणासाठी पाठवले. कोणत्या विभागात किती चुका नोंदल्या गेल्या आहेत आणि प्रश्नावलीत काय आले आहे, यांतले काहीही त्याला सांगितले नव्हते. नवे औषध तपासताना खरे औषध कोणाला व साखरेची गोळी कोणाला हे जसे डॉक्टरांपासूनही लपवून ठेवतात, तशीच ही काळजी होती. त्याने परिचारिकांशी बोलून, त्यांचे काम पाहून, कोणत्या विभागात माणसे मोकळेपणाने बोलतात याचा क्रम लावला. काही ठिकाणी चुका व्हायच्याच, म्हणून त्या लगेच सांगणे महत्त्वाचे, असे मानले जात होते. काही ठिकाणी चूक म्हणजे आरोप, आणि आरोप झाला की खैर नाही. त्याने लावलेला मोकळेपणाचा क्रम आणि नोंदलेल्या चुकांचा क्रम एकमेकांशी बरेच जुळले.

हा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ विभाग म्हणजे फारच थोडे, आणि त्यांवरून मोठा नियम मांडता येत नाही, हे खरे. म्हणून पुढे एडमंडसन यांनी एका कारखानदारी कंपनीतील ५१ गटांचा अभ्यास केला (१९९९). ‘इथे चूक कबूल केली, शंका विचारली किंवा मदत मागितली तर माझा अपमान होणार नाही’ असा गटातील सर्वांना वाटणारा भरवसा आणि त्या गटाचे शिकणे, यांचा संबंध त्यात दिसून आला. या भरवशाला त्यांनी मानसिक सुरक्षितता असे म्हटले आहे. नाव थोडे जड आहे. आपल्या बोलण्यात ‘धास्ती नसणे’ म्हटले तरी चालेल. ज्या अर्थी हा शब्द आता मोठमोठ्या कंपन्यांच्या शिबिरांतून सढळपणे वापरला जातो, त्या अर्थी तो लवकरच झिजून गुळगुळीत होणार, अशी आम्हाला भीती वाटते. पण आठ विभागांचे ते उलटे निघालेले आकडे विसरण्यासारखे नाहीत.

गप्प राहणाऱ्यांचा माग काढण्याची दुसरी एक वाट अर्थशास्त्राने दाखवली आहे. आल्बर्ट हिर्शमन हे मूळचे बर्लिनचे, पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले अर्थशास्त्रज्ञ. नायजेरियातील रेल्वे पाहताना त्यांना एक प्रश्न पडला. रेल्वेचा कारभार ढिसाळ होता, आणि मालमोटारींशी तिची स्पर्धाही होती. पाठ्यपुस्तकाप्रमाणे स्पर्धेमुळे रेल्वे सुधारायला हवी होती. ती तर सुधारत नव्हती. हिर्शमन यांच्या लक्षात आले, की ज्या व्यापाऱ्यांना ढिसाळपणा सर्वांत जास्त खुपत होता, जे आरडाओरडा करून रेल्वेला जागे करू शकले असते, तेच आपला माल मालमोटारीत घालून निघून गेले होते! सरकारी रेल्वेला उत्पन्न बुडण्याचीही फारशी फिकीर नव्हती. १९७० च्या पुस्तकात त्यांनी मांडले, की कुठल्याही संस्थेचे बिनसू लागले की तिथल्या माणसापुढे दोन मार्ग असतात: निघून जाणे किंवा बोलणे.

यातून मोजमापाची एक युक्ती निघते. न बोललेले मोजता येत नसले, तरी निघून गेलेले मोजता येतात. रिचर्ड फ्रीमन आणि जेम्स मेडॉफ यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील कामगार संघटनांविषयी जे पुस्तक लिहिले, त्यात नेमके हे केले. संघटना असलेल्या ठिकाणी माणसे नोकरी कमी सोडतात, आणि पगाराचा परिणाम बाजूला काढला तरीही हा फरक उरतो, असे त्यांनी आकडेवारीने दाखवले. बोलण्याची सोय असली की निघून जाण्याची गरज कमी भासते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. आपल्याकडे एक तिसरा प्रकारही सर्रास दिसतो. माणूस बोलत नाही आणि जातही नाही. जोडाला वास येतो, खिडकी उघडतो, सेवानिवृत्तीची वाट पाहतो. त्याला कुठल्या रकान्यात टाकायचे?

अशा माणसांनाच थेट का विचारू नये? मिलिकन, मॉरिसन आणि ह्यूलिन या संशोधकांनी २००३ मध्ये हा प्रयत्न प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या ठिकाणी काम करणाऱ्या ४० जणांच्या त्यांनी मुलाखती घेतल्या. काही महत्त्वाचे सांगायचे होते पण वरिष्ठांना सांगता आले नाही, असा प्रसंग किमान एकदा आल्याचे ८५ टक्के लोकांनी सांगितले. म्हणजे ४० पैकी ३४. कारणे विचारल्यावर आपल्या नावावर ‘कटकट्या’ असा शिक्का बसेल, संबंध बिघडतील, अशी उत्तरे आली. आणि त्याबरोबरच आणखी एक: सांगून उपयोग काय? आमच्या परिचर काकांना भीती वाटत नव्हती. कडीचे एकदा सांगून झाले होते, एवढेच. भीती घालवणे आणि निरुपयोगाची खात्री घालवणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि दुसरे काम नुसत्या गोड बोलण्याने होत नाही.

डेटर्ट आणि बरिस यांनी एका उपाहारगृह साखळीतील हजारो कर्मचाऱ्यांचा अभ्यास २००७ मध्ये मांडला. वरिष्ठ मोकळ्या मनाचा असण्याचा परिणाम सर्वांत जास्त कोणाच्या बोलण्यावर होतो? उत्तम काम करणाऱ्यांच्या. म्हणजे बंद दाराआड वरिष्ठ आधी गमावतो तो नेमका हुशार माणसाचा सल्ला. पुढे डेटर्ट आणि एडमंडसन यांनी माणसे मनाशी कोणते अलिखित नियम धरून गप्प बसतात, ते शोधले (२०११). वरिष्ठाला चारचौघांत अडचणीत आणू नये. त्याला ओलांडून त्याच्या वरच्याकडे जाऊ नये. पक्का पुरावा हातात असल्याशिवाय तोंड उघडू नये. हे नियम कुठल्याही कंपनीच्या पुस्तकात छापलेले नसतात. नोकरीच्या पहिल्या दिवशी माणूस ते सोबत घेऊनच येतो. ते त्याला कुठे शिकायला मिळतात, याचा विचार शिक्षकांच्या खोलीत बसून केलेला बरा.

आता कोणी म्हणेल, की माणसांना बोलू द्या, म्हणजे झाले. पण नुसते बोलू देऊन काय होते, याचाही एक जुना आणि फार मोठा प्रयोग झालेला आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील वेस्टर्न इलेक्ट्रिक कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात २१ हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. सुरुवातीला ठरावीक प्रश्न विचारले जात. कामगार मात्र भलत्याच विषयाकडे वळत. शेवटी प्रश्न बाजूला ठेवून त्यांना हवे ते बोलू देण्याचे ठरले आणि अर्ध्या तासाची मुलाखत तास-दीड तास चालू लागली. त्यातली एक हकीकत प्रसिद्ध आहे. एका कामगार स्त्रीने उपाहारगृहातील जेवणाबद्दल तक्रार केली आणि काही दिवसांनी मुलाखत घेणारीला भेटून, जेवण सुधारल्याबद्दल तिचे आभार मानले. जेवणात काहीही बदल झालेला नव्हता! ऐकून घेण्याने मन हलके होते, असा धडा व्यवस्थापकांनी यातून घेतला. तो खोटा नाही. पण जेवण तेच राहिले, हेही खोटे नाही. नळीच्या बाबतीत असले समाधान किती महागात पडेल, ते सांगायला नको.

याच्या उलट, बोलल्याबरोबर काहीतरी घडलेच पाहिजे अशी व्यवस्था यंत्रातच बसवली तर? साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये पूर्ण केलेला स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबत असे, त्यामुळे सदोष कापड पुढे विणले जात नसे. हीच कल्पना पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यात आली. तिथे धाग्याच्या जागी माणूस आहे. सरकत्या पट्ट्याच्या बाजूने एक दोरी टांगलेली असते. कामगाराला काही चुकलेले दिसले की तो दोरी ओढतो. दिवा लागतो, गटप्रमुख धावत येतो, आणि गाडी पुढच्या टप्प्यावर पोचेपर्यंत दोष सुटला नाही तर पट्टा थांबतो.

ही दोरी जपानी स्वभावामुळे चालते, असे पुष्कळांना वाटे. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे त्याची परीक्षा झाली. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना भांडणे, संप आणि खराब गाड्या यांमुळे बदनाम होता. एखाद्या दिवशी पाचातला एक कामगार कामावरच येत नसे. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी मिळून तो पुन्हा उघडला, तेव्हा घेतलेले बहुसंख्य कामगार जुनेच होते आणि संघटनाही जुनीच. तरी थोड्याच काळात गैरहजेरी ३-४ टक्क्यांवर आली आणि गाड्यांचा दर्जा जपानी कारखान्यांच्या जवळ पोचला. याचे सगळे श्रेय दोरीला देणे चुकीचे ठरेल. संघटनेशी झालेल्या करारात, कंपनीवर गंभीर संकट आल्याशिवाय कामगार कपात होणार नाही, असे लेखी आश्वासन होते. आणि १९८७-८८ मध्ये गाड्या खपेनात तेव्हाही कामगारांना घरी न पाठवता प्रशिक्षणाला बसवले गेले. दोरी ओढणाऱ्याला नोकरीची धास्ती नव्हती, आणि ओढल्यावर माणूस येत असे. वर सांगितलेली गप्प बसण्याची दोन्ही कारणे तिथे एकदमच निकालात निघाली होती. हा संयुक्त कारखाना २०१० मध्ये बंद झाला, तो दोरीमुळे नव्हे.

मात्र दोरी ओढून गाडीतला दोष सांगता येतो. पगार वेळेवर मिळत नाही, हे दोरीने कसे सांगणार? इथे या शाखेतल्या अभ्यासकांमध्येच मोठा वाद आहे. मॉरिसन आणि त्यांच्या परंपरेतील संशोधक ‘आवाज’ म्हणतात तो मुख्यतः संस्थेच्या भल्यासाठी केलेली सूचना या अर्थाने. मायकेल बॅरी आणि एड्रियन विल्किन्सन यांनी २०१६ मध्ये आक्षेप घेतला, की या व्याख्येत मालकाला आवडेल तेवढाच आवाज मावतो. कामगाराचे स्वतःचे हित, आणि ते एकत्र येऊन मांडण्याची पद्धत, बाहेरच राहते.

आम्हाला हा आक्षेप पटतो, आणि त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने एक निवेदन तयार केले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, कामावर जखमी झालेल्याला मदत, अशा त्यातल्या मागण्या. त्यावर ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. एकट्याने हेच सांगितले असते तर दुसऱ्या दिवशी त्याला गिरणीचे दार बंद झाले असते. ५,५०० जणांना एकदम दार बंद करता येत नाही. एप्रिल १८९० मध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. आणि त्या वर्षी १० जूनला रविवारची सुट्टी मान्य झाली. संस्थेच्या भल्याची सूचना, या व्याख्येत हे निवेदन बसवायला गेलो तर बसत नाही. तरीही आवाज याला म्हणायचा नाही, तर कशाला?

पुढे कायद्यानेही बोलण्याच्या जागा करून दिल्या. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १०० किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणी मालक व कामगार यांच्या कार्य समितीची तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत, २० किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समितीही सांगितली आहे. शिक्षकांची गंमत अशी, की १९८८ मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक हा १९४७ च्या कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ नाही, असा निर्णय दिला. महाराष्ट्रात खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा वेगळा कायदा आणि शाळा न्यायाधिकरण आहे. पण तिथे दाद मागायची ती बडतर्फीसारख्या गोष्टींविरुद्ध. गळक्या नळीसाठी नव्हे.

एक छोटा प्रयोग वर्गात करून पाहण्याजोगा आहे. पाठ संपला की "कोणाला काही शंका?" असे विचारावे आणि वर आलेले हात मोजावेत. मग प्रत्येकाला कागदाचा एक चिटोरा देऊन, न समजलेली एक गोष्ट, नाव न घालता लिहायला सांगावी. सगळे समजले असेल तर कोरा चिटोरा परत द्यावा. लिहिलेले चिटोरे मोजावेत. दोन्ही आकडे तारखेसह वहीत शेजारी शेजारी लिहावेत, आणि दुसऱ्या दिवशी तास सुरू होताना चिटोऱ्यांतल्या दोन-तीन शंकांची उत्तरे आवर्जून द्यावीत. असे महिनाभर, आठवड्यातून एकदा करावे. आकडे आमच्याकडे जरूर पाठवा. हातांचे आणि चिटोऱ्यांचे, दोन्ही.